किमतीआधीचे तीन प्रश्न

‘ग्राहक हा राजा आहे’ हे वाक्य बँकांच्या शाखांतून आणि बाजारपेठांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, त्यातील ‘राजा’ या शब्दाकडे आता कोणाचे लक्ष जात नाही. राजाला मान द्यावा, तिष्ठत ठेवू नये, त्याची तक्रार ऐकून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. परंतु राजाने केवळ मान घ्यावयाचा नसतो. गुणिजनांना आश्रय देणे हाही राजाचा धर्म मानला गेला आहे. ग्राहकाच्या राजेपणाची ही दुसरी, काहीशी विस्मृतीत गेलेली बाजू पाहावयाची असेल, तर एखाद्या खास वाद्यांच्या दुकानाची पायरी चढावी. आणि त्यासाठी मैसुरूइतके योग्य शहर क्वचितच सापडेल.

मैसुरू म्हणजे मराठी माणसाच्या तोंडचे म्हैसूर. नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव मैसुरू झाले. महाराष्ट्रातून तेथे सहलीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी जवळजवळ ठरलेली असते. राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन उद्यान. खरेदीत रेशमी साडी, चंदनाचा साबण, अगरबत्ती आणि परतीच्या पिशवीत म्हैसूरपाक. या यादीत वाद्याचे दुकान सहसा नसते. वास्तविक या शहराची एक जुनी ओळख वीणेची आहे. वीणे शेषण्णा (१८५२–१९२६) यांच्यासारख्या वादकांच्या नावाआधी ‘वीणे’ हीच उपाधी लागली. चौथे कृष्णराज वाडियार यांच्या कारकिर्दीत दरबाराने कर्नाटक संगीताबरोबर हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य संगीतालाही जागा दिली. पुढे मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ या दरबारात गात असत. जयचामराजेंद्र वाडियार तर १९४८ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्ष झाले. याच संस्थानाच्या पाठबळाने १९१३ मध्ये स्थापन झालेली बँक पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, हे बँकिंग क्षेत्रातील वाचकांना स्मरत असेलच.

संस्थाने गेली, तनखे १९७१ मध्ये बंद झाले. वीणा घडविणारे हात मात्र राहिले. त्यांना आता कोणाचा आश्रय आहे? दुकानात शिरणाऱ्या ग्राहकाचा! म्हणूनच तो ग्राहक तेथे काय विचारतो, याला महत्त्व आहे.

बहुधा तो पहिला प्रश्न विचारतो, ‘केवढ्याला?’ आणि दुसरा, ‘शेवटचे किती?’ भाजी, कापड किंवा प्लास्टिकची बादली घेताना ही रीत चालून जाते. खास वाद्यांच्या दुकानात ती ग्राहकाचेच नुकसान करते. तेथे किमतीआधी तीन प्रश्न विचारावयास हवेत: हे कशाचे आहे, याचे स्वर कोणी लावले, आणि पुढे याची काळजी कोण घेणार?

वाद्य मोठेच असले पाहिजे असे नाही. समजा, एखादे कुटुंब दहा वर्षांच्या मुलीसाठी युकुलेली घेण्यास दुकानात आले आहे. चार तारांचे, गिटारचे धाकटे भावंड वाटावे असे हे वाद्य अलीकडे शहरांतील अनेक मुलांच्या हाती दिसते. त्याचा इतिहासही मैसुरूच्या वीणेपासून वाटतो तितका दूर नाही. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील मजुरांना घेऊन होनोलुलूच्या बंदरात लागले. ही माणसे हवाईच्या उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी आलेली. परंतु त्यांत लाकूडकाम जाणणारे तीन कारागीर होते. मळ्यातील मुदत संपल्यावर त्यांनी मायदेशीच्या छोट्या तंतुवाद्याच्या धर्तीवर वाद्ये घडविण्यास आरंभ केला. हवाईचा राजा कालाकौआ याने त्या वाद्याला दरबारात स्थान दिले. तेथेही पुढे राज्य गेले, दरबार उठला. वाद्य ग्राहकांच्या आश्रयावर जगले. १९१६ मध्ये सॅम्युएल कामाका यांनी होनोलुलूत सुरू केलेला युकुलेलीचा कारखाना शंभर वर्षे उलटून गेली तरी त्याच कुटुंबाच्या हाती आहे. बेटावरील एका घराण्याने एकच वाद्य शतकभर घडवावे आणि लोकांनी ते विकत घेत राहावे, यात कारागिराचे कौशल्य आहे तितकीच ग्राहकाची निष्ठाही आहे.

पहिला प्रश्न : हे कशाचे आहे?

मैसुरूच्या परंपरेत वीणेसाठी शिसवाचा मान मोठा, तर तंजावूरच्या वीणेसाठी फणसाचे लाकूड विशेष मानले जाते. लाकूड आणले आणि कोरले, असे होत नाही. ते मुरावे लागते. ओल असलेल्या लाकडाची वीणा आज सुंदर दिसेल. दोन उन्हाळ्यांनंतर तिला बाक येईल किंवा चीर जाईल. तुंबा आणि दांडी एकाच ओंडक्यातून कोरलेली ‘एकांड’ वीणा अधिक मोलाची ठरते, कारण सांधा जितका कमी तितका नाद अखंड वाहतो, अशी जाणकारांची धारणा आहे.

युकुलेलीच्या बाबतीतही हाच प्रश्न लागू पडतो. हवाईत तिच्यासाठी कोआ नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात. ते झाड आपल्या बाभळीच्या गोतावळ्यातले. स्वस्त युकुलेली पातळ थर चिकटवून केलेल्या फळीची असते. वरची फळी, म्हणजे जिच्यावर घोडी बसते ती, सलग लाकडाची असेल तर आवाज भरदार येतो आणि वर्षागणिक मोकळा होत जातो. थरांच्या फळीचे वाद्य टाकाऊ नसते. हवेतील दमटपणा ते अधिक सोसते आणि नवशिक्या मुलाला पुरेसे असते. मात्र आपण काय घेत आहोत, हे ग्राहकाला ठाऊक असावे आणि दुकानदाराने ते न विचारताही सांगावे.

लाकडाच्या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला. त्यामुळे परदेशी वाद्य पाठविणारे कारागीर अडचणीत आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तरीही परदेशस्थ नातलगांसाठी वीणा घेणाऱ्याने लाकडाचा उल्लेख असलेली रीतसर पावती मागून घेणे शहाणपणाचे ठरेल.

दुसरा प्रश्न : याचे स्वर कोणी लावले?

वीणेला चोवीस पडदे असतात, दोन सप्तकांसाठी प्रत्येकी बारा. ते मेणात बसविलेले असतात. मेणात कोळशाची बारीक पूड घालून ते काळे आणि घट्ट केलेले असते. कोणता पडदा नेमका कोठे बसवावयाचा, हे कारागीर कानाने ठरवितो. या कामाला कन्नडमध्ये मेळ बांधणे म्हणतात. सुंदर नक्षीची वीणा मेळ चुकला तर भिंतीवर टांगण्यापुरतीच उरते. शिवाय उष्णतेने मेण सैल पडते, वापराने पडदे झिजतात. त्यामुळे काही काळाने मेळ पुन्हा बांधावा लागतो. हे काम जाणणारे हात थोडे आहेत, आणि असे हात एका ग्राहकाच्या खरेदीवर तयार होत नाहीत; त्यांना सतत काम मिळावे लागते.

युकुलेलीच्या एका सप्तकातही बाराच पडदे असतात. पण त्यांची जागा गणिताने ठरते. प्रत्येक पडद्याला तारेच्या उरलेल्या लांबीतून सुमारे १७.८ वा भाग, म्हणजे साधारण ५.६ टक्के वजा होतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही दिसेल: घटत्या शिलकेवर आकारलेला घसाराच हा! असा घसारा बारा वेळा आकारला की मूळ लांबी बरोबर निम्मी होते आणि तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. म्हणून दुकानात करावयाची पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. तार मोकळी छेडावी, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. दोन्ही स्वर एकमेकांत मिसळले पाहिजेत. ते खटकले तर वाद्य बाजूला ठेवावे, मग त्याचा रंग कितीही मोहक असो. त्यानंतर प्रत्येक पडद्यावर तार झणझणते का, पडद्यांच्या कडा बोटाला टोचतात का, खुंट्या पीळ धरून ठेवतात का, हे पाहावे. नव्या नायलॉन तारा पहिले काही दिवस ताणल्या जातात आणि वारंवार उतरतात. तो दोष नव्हे. आवाज मोठा यावा म्हणून तिला पोलादी तारा लावण्याचा मोह मात्र टाळावा; एवढा ताण सोसण्यासाठी ती घडविलेली नसते आणि घोडी उखडण्याचा संभव असतो.

या सर्व परीक्षा संगणकाच्या पडद्यावर होत नाहीत. वाद्य हाती घेऊनच त्या कराव्या लागतात. दुकानदार आकार निवडण्यासही मदत करतो. पावणेदोन फुटांची सोप्रानो लहान हातांना बरी, सुमारे दोन फुटांची कॉन्सर्ट थोड्या मोठ्या मुलांना. बोटे जाड असलेल्या पालकांनाच शिकावयाचे असेल तर त्याहून मोठी टेनर. मुलीच्या मांडीवर वाद्य ठेवून, तिची बोटे पाहून हा सल्ला देण्यात दुकानदाराची पंधरा-वीस मिनिटे जातात. या मिनिटांचे मोल पावतीवर लिहिलेले नसते.

तिसरा प्रश्न : पुढे काळजी कोण घेणार?

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. दुकानात यावयाचे, अर्धा तास वाद्ये वाजवून पाहावयाची, सल्ला घ्यावयाचा, नमुना क्रमांक टिपून घ्यावयाचा आणि घरी जाऊन दोनशे रुपये स्वस्त मिळते म्हणून घरपोच मागवावयाचे, ही रीत आता सुशिक्षितांतही रूढ झाली आहे. ती बेकायदा नाही. मात्र ती प्रामाणिक आहे काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. शेतात उभे राहून पीक पाहावे, शेतकऱ्याकडून बियाण्याची माहिती घ्यावी आणि धान्य दुसरीकडून आणावे, तसाच हा प्रकार.

घरपोच मागविण्यास सरसकट दोष देणेही योग्य नव्हे. ज्या गावात वाद्याचे दुकान नाही, तेथील मुलाला त्याच मार्गाने वाद्य मिळते, आणि एक-दोन हजारांच्या वाद्यावर आरंभ केलेले मूल उद्या चांगल्या वाद्याचे ग्राहक होऊ शकते. फसगत होते ती पुढे. तार तुटली, घोडी उचकटली, पडदा झणझणू लागला, म्हणजे कोणाकडे जावयाचे? त्या वेळी दुकान आठवते. आणि त्या दिवशी दुकान उघडे असावे असे वाटत असेल, तर आज तेथे खरेदी झालेली असली पाहिजे.

दुकानदाराची वही आणि बँकेची वही

वीणा घडविणाऱ्याच्या व्यवसायाकडे हिशेबाच्या दृष्टीने पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. बँकेत साठ्यावर कर्ज देताना दीर्घकाळ न हललेला माल संशयास्पद मानला जातो. उचल मर्यादा काढताना तो वगळला जातो. कापडाच्या किंवा औषधांच्या व्यापारात हे योग्यच आहे. वाद्यकाराकडे मात्र वर्षानुवर्षे पडून असलेले लाकूड हाच सर्वांत उत्तम माल असतो. ते जितके जुने, तितके विश्वासाचे. साठापत्रकावर जो दोष दिसतो, तो येथे गुण असतो. हे जाणणारा शाखाधिकारी अशा अर्जदाराच्या कारखान्यास एकदा भेट देईल आणि तेच तीन प्रश्न विचारील: लाकूड कोणते आणि किती काळ मुरलेले, स्वर लावणारा कारागीर कोण, दुरुस्तीसाठी जुने ग्राहक परत येतात का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर परतफेडीचा भरवसा अनेक कागदपत्रांपेक्षा त्यातून अधिक मिळेल.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पारंपरिक कारागिरांना पाच टक्के व्याजाने, तारणाविना, प्रथम एक लाख आणि नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे. योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आहे, मूर्तिकार आहे, खेळणी करणारा आहे. वाद्य घडविणारा मात्र स्वतंत्र नावाने नाही. हे नाव यादीत यावयास हवे. तोपर्यंत २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेची वाट त्याला दाखविता येते. शासनाने वाद्यकारांना अगदीच वाऱ्यावर सोडले आहे, असेही नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हाताने घडविलेल्या देशी वाद्यांना त्यातून सूट देण्यात आली. तरीही कर माफ झाला म्हणून ग्राहक येतो असे नव्हे. ग्राहकाने स्वतःच्या पायांनी यावे लागते.

ग्राहक चांगल्या वीणेसाठी विसार देऊन काही महिने थांबतो, तेव्हा तो विसार कारागिराच्या खेळत्या भांडवलाचे काम करतो. बिनव्याजी आणि बिनतारणी असे हे कर्ज केवळ विश्वासावर दिलेले असते. पूर्वी दरबार हेच करीत असे.

दुकानदाराचेही कर्तव्य

हे सर्व एकतर्फी असू नये. आश्रय मागणाऱ्याने पारदर्शक असले पाहिजे. लाकडाचे नाव, दुरुस्तीची मुदत आणि वाद्य तयार होण्याचा दिनांक पावतीवर लिहून द्यावा. प्लास्टिकच्या नक्षीला प्लास्टिकच म्हणावे. हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ आणि १९९१ च्या कायदेदुरुस्त्यांनी बंदी आली, त्यानंतर पर्यायी साहित्य वापरण्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो लपविण्यात. ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगून ग्राहकाला चार हेलपाटे घालावयास लावणारा कारागीर कितीही गुणी असला, तरी तो आपल्याच व्यवसायाची मुळे तोडत असतो. आणि युकुलेली मागणाऱ्या लहान मुलीकडे ‘हे काय वाद्य!’ अशा नजरेने पाहणाऱ्या दुकानदाराने हे ध्यानात घ्यावे की, आज चार तारा छेडणारे हेच मूल उद्या सात तारांच्या वीणेकडे वळू शकते.

घराजवळची मिरज

मैसुरू दूर आहे, असे कोणी म्हणेल. मग मिरज तर दूर नाही! एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडविणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर तेथे तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. पंढरपूर परिसरातील भोपळे आणि तुणाचे लाकूड यांतून घडलेले मिरजेचे तानपुरे देशोदेशींच्या गायकांच्या मागे वाजत आले आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मैसुरूत मेळ बांधणाऱ्याचा कान, तसा मिरजेत जवारी काढणाऱ्याचा हात. घोडीवरून तार किती निसटती जावी, हे कानसेच्या हलक्या घासणीने ठरविणे पुस्तकातून शिकता येत नाही. मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर लागले, तरी त्या हाताला काम देणारा ग्राहक गल्लीत आला पाहिजे. घरोघरी विद्युत तानपुरा आल्यापासून मूळ तानपुऱ्याची मागणी सहजी टिकणारी राहिलेली नाही. अशा काळात गाणे शिकणाऱ्या मुलाला वर्षातून एकदा तरी खऱ्या तानपुऱ्यासमोर बसविणे, तो जेथे घडतो ती जागा दाखविणे, हीही एक प्रकारची गुंतवणूक आहे. तिच्यावरील परतावा खातेपुस्तकात उमटणार नाही, एवढेच.

पुढील सहलीच्या यादीत म्हणूनच एका तासाची भर घालावी. राजवाडा पाहून झाला, साडी आणि साबण घेऊन झाला, म्हणजे मुलांना घेऊन एखाद्या वाद्यकाराच्या दुकानात जावे. काही विकत घेतलेच पाहिजे असे नाही. मात्र विकत घ्यावयाचे ठरले, तर ते तेथेच घ्यावे. अर्धवट घडलेली वीणा पाहावी, मेणाचा वास घ्यावा, मुलीला युकुलेलीची तार छेडू द्यावी. लाकूड कोणते, स्वर कोणी लावले, पुढे कोण पाहणार, हे आदराने विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की, चौथा प्रश्न किमतीचा. बहुधा तोपर्यंत ती किंमत रास्त आहे, हे ग्राहकाला न सांगताच उमगलेले असेल.